गाव झोपायचं, आपण जागायचो: झोपेच्या डॉक्टरांचा अभ्यासक्रम कोण लिहिणार?

डॉक्टरांच्या जगात एक मागणी जोर धरते आहे. झोपेच्या आजारांवर उपचार करणारे तज्ज्ञ तयार करायचे असतील तर त्यांच्या प्रशिक्षणाचा एकच राष्ट्रीय अभ्यासक्रम हवा, अशी ती मागणी. हे ऐकून आपले बहुतेक कार्यकर्ते हसतील. म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याकडे ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती अडकली आहे, गायरानाची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा येत आहेत, आणि तुम्ही झोपेचं काय घेऊन बसलात?

मित्रांनो, घेऊन बसायलाच हवं. आपला अनुभव असा आहे की नियम लिहिले जातात तेव्हा आपण तिथे नसतो, आणि ते लागू झाले की आपण मोर्चे काढतो. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यात राज्यांनी दिलेल्या जागांवर ओबीसींना २७ टक्के आरक्षण मिळायला २०२१ साल उजाडलं. तोवरच्या प्रत्येक वर्षी त्या जागा गेल्या, त्या गेल्याच. त्या परत मिळत नाहीत. झोपेच्या वैद्यकशास्त्राचा दरवाजा देशात अजून पुरता बसवलेला नाही. चौकट उभी राहते आहे. बोलायचं असेल तर ते आत्ताच.

आणि माझा मुद्दा एकच आहे. झोपेच्या तज्ज्ञाचा अभ्यासक्रम कोण लिहितो आणि त्याला प्रवेश कोणाला मिळतो, यावरून कोणाचं जागरण 'आजार' ठरणार आणि कोणाचं जागरण 'नशीब' ठरणार, हे ठरणार आहे.

जागरण कोणाच्या वाट्याला आलं?

झोप ही नैसर्गिक गोष्ट आहे, तिला जात नसते, असं कोणी म्हटलं तर त्याला गावगाड्याची आठवण करून द्या. गावाच्या वेशीवर रात्रभर कोण जागायचं? वेसकर. वेसकर कोण होता? महार. गाव निर्धास्त झोपावं म्हणून त्याने जागायचं. पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, खजिन्याची राखण, परगावचा सांगावा, मेलेल्याची खबर. वेळ कोणतीही असो, हाक आली की उठायचं. महार वतनाचा खरा अर्थ हाच होता, की चोवीस तासांतला एकही तास त्या माणसाच्या मालकीचा नाही. मोबदला काय, तर बलुतं आणि तुटपुंजी जमीन. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्यामागे हीच चीड होती. ते विधेयक तेव्हा पार पडू दिलं गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

पारधी, कैकाडी आणि इतर भटक्या जमातींचं पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तारेच्या कुंपणाची वसाहत, आणि हजेरी. रात्री पालावर माणूस आहे की नाही हे पाहायला पोलीस यायचे, झोपलेल्याला उठवायचे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की पहाटे पारध्याच्या पालावर धाड पडायची सवय अजून मोडलेली नाही. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि खुद्द बाबासाहेबांची झोप? परळच्या चाळीत एकच खोली. त्यात सगळं कुटुंब, भांडीकुंडी, सरपण. रामजीबाबा भीमाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आडवे व्हायचे. एक जागा आणि तिच्यावर दोघांची पाळी. एवढ्या जागरणातून राज्यघटनेचा शिल्पकार घडला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण तेवढ्याच जागरणातून किती भीमराव घडायचे राहून गेले, याचा हिशेब कोणी ठेवला?

हा हिशेब बाबासाहेब विसरले नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी कारखाना कायद्याची दुरुस्ती आणली आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. त्याच्या अर्धशतक आधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते. १८९० मध्ये ती मिळाली. फुले-आंबेडकरी चळवळीने विश्रांती ही कधी चैन मानली नाही, हक्क मानला. झोपेचा प्रश्न आपल्या चळवळीत नवा नाही. आपण तो मधल्या काळात विसरलो, एवढंच.

आजचं नगर रात्री कसं दिसतं?

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. शेजारच्या बीडमधून तर लाखोंनी. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. थळातल्या कोपीत दिवस कसा सुरू होतो? बाई पहाटे तीनला उठते. चूल, भाकरी, पाणी, लेकरं. मग उजाडायच्या आत फडात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं. संध्याकाळी परत चूल. आणि गाडी? गाडी कारखान्याच्या नंबरावर येते. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं, अंधारात. गाडी भरून झाली की झोपायला जेवढं उरेल तेवढं. हंगाम चार-पाच महिने चालतो.

हा तोच जिल्हा आहे जिथे प्रवरानगरला देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. पंचाहत्तर वर्षं झाली. साखरेचा उतारा किती, गाळप किती, याची रोजची नोंद होते. फडातला माणूस किती तास झोपला, याची नोंद कोणत्या वहीत आहे?

दुसरं चित्र रस्त्याचं. नगर-मनमाड रस्त्यावर रात्री उभे राहा. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक, शिर्डीच्या गाड्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो कोपरगाव तालुक्यातून येतो. १ जुलै २०२३ ला त्याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर बरीच चर्चा झाली. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चालक आदल्या रात्री किती झोपला होता? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. ती कोणत्या ट्रान्सपोर्ट कंपनीत पाळली गेली? लायसन्ससाठी डोळे तपासतात. तू रात्री घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, हे कोण विचारतो?

तिसरं चित्र एमआयडीसीचं. नागापूर, सुपा. आठवड्याला पाळी बदलते: एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रात्री कंत्राटी कामगार, दारावर वॉचमन, पहाटे झाडूवाली. त्यांची आडनावं वाचा. वेसकराचं वतन गेलं, वेसकरी गेली नाही. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, असं सांगितलं गेलं. बारा तास काम, दोन तास जाणं-येणं, घरी चूल आणि पाणी. बाईने झोपायचं कधी, हे मंत्रिमंडळाच्या टिपणीत कुठे लिहिलं होतं?

चौथं चित्र आपल्या काळजाजवळचं. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराला मारलं गेलं. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. अशा घटनेनंतर त्या घरात, त्या वस्तीत रात्र कशी जाते? कुत्रं भुंकलं तरी माणसं उठून बसतात. ॲट्रॉसिटीच्या नियमांत आर्थिक मदत आहे, पुनर्वसन आहे, पोलीस संरक्षण आहे. पण दोन-दोन वर्षं न झोपलेल्या आईला कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचं? आज तिला सरकारी दवाखान्यात झोपेची गोळी मिळते आणि कागदावर लिहिलं जातं, 'किरकोळ तक्रार'.

पुस्तकातला रुग्ण कोण आहे?

आता झोपेच्या शास्त्राकडे या. दिवसा किती झोप येते हे मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती केली. एपवर्थ स्केल असं तिचं नाव. आठ प्रसंग विचारतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. प्रसंग कोणते? बसून वाचताना. टीव्ही पाहताना. नाटकाला किंवा सभेत बसलेले असताना. तासभर मोटारीतून प्रवासी म्हणून जाताना. दुपारी आडवे झाल्यावर. जेवणानंतर शांत बसल्यावर. सिग्नलला मोटार थांबलेली असताना. आणि कोणाशी बसून बोलताना.

फडातल्या बाईला हे विचारा. ती बसून वाचत नाही. तिच्या कोपीत टीव्ही नाही. मोटारीत ती बसते ती टोळी नेणाऱ्या ट्रकच्या हौद्यात. दुपारी आडवं व्हायला तिला कोणी देत नाही. बहुतेक प्रश्नांना तिचं उत्तर 'शून्य' येईल. म्हणजे कागदावर तिला झोपेचा काहीच त्रास नाही! चार तास झोपणारी बाई ठणठणीत, आणि एसी गाडीत पेंगणारा मॅनेजर रुग्ण. प्रश्नावली बनवणाऱ्याने जात पाहून ती बनवली, असं मी म्हणत नाही. त्याने आपल्यासमोरचा रुग्ण पाहून बनवली. आपला रुग्ण त्याच्यासमोर कधी आलाच नाही. आणि आपले प्राध्यापक तीच भाषांतरित करून वापरणार असतील, तर दोष त्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरचा नाही.

दुसरं उदाहरण. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, ओळखायला 'स्टॉप-बँग' नावाची यादी वापरतात. त्यात बीएमआय ३५ च्या वर आणि मान चाळीस सेंटिमीटरच्या वर, अशा खुणा आहेत. तसला बोजड माणूस मजूर वस्तीत शोधावा लागेल. पण आपल्याकडे तुलनेने सडपातळ माणसालाही हा आजार होतो. जबड्याची ठेवण, नाकाची हाडं, तंबाखू, चुलीचा धूर, सगळं मोजावं लागतं. एम्सच्या डॉक्टरांनी भारतातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब करून २०२३ मध्ये अंदाज मांडला की देशात सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे. दहा कोटी! हे सगळे काय बंगल्यात राहतात?

तिसरं उदाहरण सर्वांत स्वस्त आहे, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायात वळवळ सुरू होते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, झोप लागत नाही. आपल्या आया-बहिणी याला 'पाय तुटतात' म्हणतात. बऱ्याच बायांमध्ये यामागे लोहाची कमतरता असते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आहेत, असं सरकारचंच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. इथे लाखाचं यंत्र लागत नाही. एक प्रश्न, रक्ताची तपासणी आणि लोहाचा उपचार लागतो. पण डॉक्टरला हा प्रश्न विचारायला कोणी शिकवलेलंच नसेल, तर बाई 'अंगात आलं' म्हणून देवऋष्याकडे जाते. अंधश्रद्धेविरुद्ध आपण भाषणं करतो. तिच्या तळमळीचं खरं कारण सांगणारा डॉक्टर जवळच्या दवाखान्यात बसवणं हेही अंधश्रद्धेविरुद्धचंच काम आहे.

चौथं उदाहरण आपल्या शेजारचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. ८२,३०९ बायांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ बायांचं गर्भाशय काढलेलं होतं. चर्चा ऑपरेशनवर थांबली. पण तिशी-पस्तिशीत गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा काळ एकदम कोसळतो. अंगाची आग, घाम, मध्यरात्री जाग, मग पहाटेपर्यंत डोळा नाही. त्या बाया आजही फडात आहेत. त्यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या झोपेचा प्रश्न कोणत्या अभ्यासक्रमात आहे?

आणि उपचार? श्वास अडकणाऱ्याला सीपॅप नावाचं यंत्र लागतं. ते तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला त्याच्या आरोग्य योजनेतून ते मिळू शकतं. उसाच्या ट्रकवरच्या चालकाला कोण देणार? त्याच्यासाठी दोनच गोष्टी उरतात: मिसरी-गुटखा आणि देवाचा हवाला.

दरवाजाला कुलूप कुठे आहे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि इथे तरुणांनी कान टवकारावेत. झोपेचा तज्ज्ञ घडवायचे दोन मार्ग आहेत. एक, एमडीनंतरचा तीन वर्षांचा डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी. एम्समध्ये फुप्फुस, अतिदक्षता आणि झोप यांचा मिळून डीएम आहे, तो या वाटेवरचा. दुसरा मार्ग अमेरिकेत चालतो: वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांसाठी एक वर्षाचं पूरक प्रशिक्षण. तिथे मेंदूविकार, मानसोपचार, बालरोग, कान-नाक-घसा यांच्याबरोबर फॅमिली मेडिसिनचा, म्हणजे साध्या भाषेत वस्तीतला डॉक्टरही झोपेचा तज्ज्ञ होऊ शकतो.

आपल्यासाठी या दोन मार्गांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कारण भारतात सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशात जातीचं आरक्षण नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात वैद्यकातल्या सुपरस्पेशालिटीसारख्या जागांवर आरक्षण इष्ट नाही असं म्हटलं गेलं, १९९९ च्या डॉ. प्रीती श्रीवास्तव निकालाने ते पक्कं केलं. एमडीपर्यंत अनुसूचित जातीला १५ टक्के, जमातीला साडेसात टक्के, ओबीसीला २७ टक्के अखिल भारतीय कोटा आहे. पुढच्या पायरीवर शून्य. शिवाय खासगी अभिमत विद्यापीठांत तर खालच्या पायरीवरही जातीचं आरक्षण नाही, आणि नगर जिल्ह्यातलं सर्वांत जुनं वैद्यकीय महाविद्यालय, लोणीचं, अशाच अभिमत विद्यापीठात येतं.

म्हणजे झोपेचं वैद्यक फक्त डीएमच्या चौकटीत बसवलं, तर पहिल्या दिवसापासून त्या दरवाजाला कुलूप लागलेलं असणार. कोणी मुद्दाम लावावं लागणार नाही. विषयाचं वर्गीकरण झालं की कुलूप आपोआप पडतं. म्हणून मी म्हणतो, 'राष्ट्रीय अभ्यासक्रम हवा' एवढ्या वाक्यावर टाळ्या वाजवू नका. कोणत्या पायरीवर हवा, हे आधी विचारा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: गुणवत्तेचं काय? झोपेसारख्या नाजूक शास्त्रात तडजोड करायची का? उत्तर सरळ आहे. झोपेच्या तज्ज्ञाची गुणवत्ता यंत्राच्या रेषा वाचण्यापुरती नसते. रुग्णाची रात्र समजून घेण्यात ती असते. ज्याने आयुष्यात एका खोलीत आठ माणसं झोपलेली पाहिली नाहीत, तो 'झोपेच्या दोन तास आधी मोबाइल बंद करा, खोलीत अंधार आणि शांतता ठेवा' असा सल्ला पत्र्याच्या घरातल्या माणसाला देणार. ही गुणवत्ता? आणि गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या याच व्यवस्थेत २०१९ मध्ये नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवीचं काय झालं, हे आपण विसरलेलो नाही.

ही व्यवस्था स्वतःच्या डॉक्टरांनाही झोपू देत नाही. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांच्या वर ड्युटी नको, असं केंद्र सरकारने १९९२ मध्ये लिहून ठेवलं. २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या राष्ट्रीय कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. सुचवली! छत्तीस तास जागलेला निवासी डॉक्टर उद्या दुसऱ्याला झोपेचं महत्त्व शिकवणार आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे आणि तो जास्त वजनदार आहे. आपले डावे मित्र म्हणतात, ऊसतोड कामगाराला डॉक्टर नको, मजुरी हवी. त्याच्या जागरणाचं कारण शोषण आहे. तुम्ही त्याला आजार म्हणाल, गोळी द्याल, आणि मुकादमाला ताजातवाना गडी परत मिळेल.

धोका खरा आहे. पण सिलिकोसिसचं उदाहरण घ्या. दगडाच्या धुळीने फुप्फुस निकामी होतं, हेही शोषणच. पण तो आजार कायद्याच्या यादीत आला, डॉक्टर त्याचं निदान करू लागले, म्हणून नुकसानभरपाईचा दावा उभा राहू शकला. निदानाचा कागद नसता तर कोर्टात काय दाखवलं असतं? झोपेचंही तसंच आहे. बारा तासांच्या पाळीविरुद्ध आपण घोषणा देऊ, पण न्यायालयात उभं राहून 'या कामाने या माणसाचं एवढं नुकसान झालं' असं मोजून सांगणारा तज्ज्ञ आपल्या बाजूला आहे का? कायद्याची जमीन तयार आहे. रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा मूलभूत हक्काचा भाग मानला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ईडीने एका वृद्धाची रात्रभर चौकशी केली म्हणून फटकारलं आणि झोपेचा हक्क सांगितला. व्यापाऱ्याच्या एका रात्रीची दखल न्यायालयाने घेतली, ते योग्यच झालं. पारध्याच्या शंभर वर्षांच्या रात्रींची दखल कोण घेणार? त्यासाठी आपलेच डॉक्टर लागतील, आपलेच वकील लागतील.

जामखेडने वाट दाखवली आहे

'अशिक्षित माणसाला प्रशिक्षण देऊन काय होणार' म्हणणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी मोठं रुग्णालय बांधून रुग्णांची वाट पाहिली नाही. गावांनी निवडलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यात दलित बाया होत्या, निरक्षर बाया होत्या, नवऱ्याने टाकलेल्या बाया होत्या. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोगी शोधले, लेकरांची वजनं केली. सुरुवातीला त्या भागात हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काही वर्षांतच तो आकडा झपाट्याने खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले.

ज्या गावात दलित बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथे तिच्या हातून बाळंतपण चालू लागलं. हे प्रशिक्षणाने झालं. त्याच्याही आधी सावित्रीमाईंनी याच नगरमध्ये मिस फरार यांच्या संस्थेत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं. अभ्यासक्रम योग्य हातात पडला की काय होतं, हे या जिल्ह्याने दोनदा दाखवलं आहे. मग आशाताईंना झोपेबद्दल चार प्रश्न विचारायला शिकवणं अवघड आहे का? घोरताना श्वास थांबतो का? पाय वळवळतात का? गाडी चालवताना डुलकी लागते का? किती तास निजता आणि कोण उठवतं? शेवटचा प्रश्न एपवर्थमध्येही नाही आणि स्टॉप-बँगमध्येही नाही. आपल्याकडे तोच पहिला हवा.

आपण काय मागायचं?

१. झोपेच्या वैद्यकाचं प्रशिक्षण फक्त डीएमपुरतं ठेवू नये. एमडी आणि फॅमिली मेडिसिननंतर एक वर्षाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम हवा आणि त्यात घटनात्मक आरक्षण पहिल्या तुकडीपासून हवं.

२. जिथे डीएम असेल तिथे सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा हव्यात. तामिळनाडूने सुपरस्पेशालिटीच्या निम्म्या जागा सेवेतल्या डॉक्टरांना ठेवल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते होऊ दिलं. रस्ता अस्तित्वात आहे, चालायची इच्छा हवी.

३. अभ्यासक्रमात ऊसतोड, वीटभट्टी, सफाई, वाहतूक आणि रात्रपाळी यांवर सक्तीचं प्रकरण हवं. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने हंगामात किमान काही आठवडे साखर कारखान्याच्या थळावर काम करावं.

४. अत्याचारग्रस्त कुटुंबांच्या झोपेचा आणि मानसिक आघाताचा उपचार अभ्यासक्रमात हवा, आणि त्या डॉक्टरचा अहवाल ॲट्रॉसिटीच्या पुनर्वसन प्रकरणात ग्राह्य धरावा.

५. प्रश्नावल्या मराठीत नुसत्या भाषांतरित करू नयेत. कष्टकऱ्यांच्या दिवसाप्रमाणे नव्याने तयार करून तपासून घ्याव्यात.

६. झोपेची तपासणी आणि सीपॅप महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून चालक व कामगारांना मिळावा. फुल्यांचं नाव लावलं आहे तर फुल्यांच्या माणसांना त्याचा उपयोग व्हायला हवा.

७. ६ मे २०२५ च्या चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अहिल्यानगरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. तिथे पहिल्या दिवसापासून झोपेचं केंद्र हवं. मुंबई-पुण्यातून उरलेलं नगरला नको.

राष्ट्रीय वैद्यक आयोग नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी जाहीर करतो. त्या हरकती कोण पाठवतं? संघटित डॉक्टर, खासगी महाविद्यालयांच्या संस्था. आपल्या विद्यार्थी संघटनांनी, ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी, आपल्या डॉक्टर-वकिलांनी यादी करून ठेवावी, की मसुदा आला की आठ दिवसांत आपली हरकत तयार. आणि तोवर या हंगामात एक काम करा. आपल्या तालुक्यातल्या एका तरी थळावर जा आणि पंधरा दिवस टोळीतल्या माणसांच्या झोपेची वेळ वहीत लिहा. कधी निजले, कधी उठले, कोणी उठवलं. नाव लिहू नका, तास लिहा. ती वही कोणत्याही भाषणापेक्षा जड असेल.

मेडिकलला असलेल्या आपल्या मुला-मुलींना एक विनंती आहे. हृदय, मेंदू, कर्करोग यांच्या मागे सगळे धावत आहेत, तुम्हीही धावा. पण तुमच्यातल्या दोघा-चौघांनी हा विषय धरावा. आपल्या आजोबाच्या रात्री कोणी मोजल्या नाहीत. नातीने मोजायला शिकावं. वेशीवर जागणाऱ्याच्या घरातली डॉक्टर गावाला विचारेल, तुम्ही झोपलात ते कोणाच्या जागरणावर? त्या दिवशी गावाला उत्तर द्यावं लागेल.

जय भीम!